जुन्या ॲम्बेसिडरचा सेल्फ : उघडावा की बदलावा?

जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो. किल्ली फिरवली तरी इंजिन पूर्वीसारखं उचलत नाही. सेल्फ कण्हतो, अर्धा फेरा मारून थांबतो, किंवा नुसता 'कट्' असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. गॅरेजमध्ये गेलं की दोन सल्ले मिळतात. पहिला असा, की मोटार उघडा, कार्बन आणि बुश बदला, आर्मेचर लेथवर घ्या. दुसरा असा, की हे जड धूड काढून टाका आणि त्या जागी नव्या पद्धतीचा, छोटा, गिअर रिडक्शनचा सेल्फ बसवा.

वरवर पाहता हा एका सुट्या भागाचा व्यवहार आहे. पण जुनी गाडी जपायची म्हणजे ती जशी होती तशी ठेवायची की रस्त्यावर चालती ठेवायची, हा मोठा प्रश्न त्यात आहे. दोन्ही बाजूंना खरं बळ आहे, म्हणून त्या इथे दोन माणसांच्या तोंडी मांडल्या आहेत. मामा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणारे. सेल्फ, डायनामो आणि वायरिंग यांत त्यांचं आयुष्य गेलेलं. भाची पुण्यात विजेच्या मोटारींचं डिझाइन करणारी इंजिनिअर. आणि दोघांच्या समोर साठच्या दशकातली ॲम्बेसिडर मार्क टू : 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन, लुकास पद्धतीचा बेंडिक्सवाला सेल्फ.

भाची : मामा, या गाडीचा सेल्फ दर दोन-तीन वर्षांनी खाली उतरतो. प्रत्येक वेळी तो उघडायचा, साफ करायचा, परत चढवायचा. एकदाच नवा गिअर रिडक्शनचा बसवून मोकळे का होत नाही? हे इंजिन मुळात ब्रिटिश बीएमसी कंपनीच्या बी सिरीजचं. तेच इंजिन एमजीच्या गाड्यांमध्ये होतं, त्यामुळे या घराण्याला बसणारे नवे सेल्फ ब्रिटनमध्ये आजही तयार मिळतात.

मामा : बसवू की. पण आधी मला एक सांग, सेल्फ खराब झालाय हे कुणी ठरवलं?

भाची : इंजिन जोरात फिरत नाही, हे आपण दोघांनी आत्ताच बघितलं.

मामा : इंजिन फिरत नाही हे बघितलं. सेल्फ खराब आहे हे नाही बघितलं. सेल्फ म्हणजे साखळीतलं शेवटचं टोक. त्याच्या आधी बॅटरी आहे, बॅटरीचे लग आहेत, जाड केबल आहे, सोलेनॉईड आहे, आणि परतीच्या वाटेवर अर्थची पट्टी आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असते. ती कुजली की सेल्फचा करंट वाट शोधतो आणि चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जायला लागतो. चोकची केबल गरम होऊन धूर निघालेल्या गाड्या माझ्याकडे आल्यात. मालक म्हणायचे, सेल्फ बदला. बदलायची होती ती पट्टी.

भाची : हे मला मान्य आहे, आणि त्याचा हिशेबही सोपा आहे. इंजिन फिरवताना साधारण 200 अँपिअर करंट जातो असं धरू. वाटेत कुठेतरी गंजामुळे फक्त एक शतांश ओहम रोध वाढला, तर तिथेच 2 व्होल्ट पडतात. बारापैकी दोन गेले. शिवाय त्या एका जोडावर 400 वॅटची उष्णता तयार होते. एवढा लहान रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या काट्यावर दिसतसुद्धा नाही.

मामा : म्हणून तो ओहमवर मोजायचाच नाही. व्होल्टवर मोजायचा, आणि सेल्फ फिरत असताना मोजायचा. कॉइलची वायर काढून ठेवायची म्हणजे इंजिन चालू होणार नाही. एक टोक बॅटरीच्या खांबावर, लगवर नाही, खांबावर. दुसरं टोक सेल्फच्या टर्मिनलवर. दुसऱ्यानं किल्ली मारायची. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर दोष वाटेत आहे. मग तसंच अर्थच्या बाजूनं, सेल्फच्या बॉडीपासून बॅटरीच्या दुसऱ्या खांबापर्यंत. तिथे तर याहून कमी दिसायला पाहिजे. आणि बॅटरीवरचा दाब त्या वेळी दहाच्या खाली फार उतरता कामा नये. हे एवढं केल्याशिवाय मी सेल्फचे बोल्ट ढिले करत नाही.

भाची : समजा हे सगळं झालं. केबल नवी, पट्टी नवी, बॅटरी चांगली. तरी सेल्फ मंद आहे. मग?

मामा : मग उघडायचा. या मोटारीचं मोठेपण हेच आहे की ती उघडण्यासाठीच बनवली आहे. मागची पट्टी सरकवली की चार कार्बन दिसतात. दोन शेवटच्या झाकणाला, म्हणजे अर्थला. दोन फील्ड कॉइलला. कार्बन झिजून साधारण 8 मिलिमीटरच्या खाली आले की बदलायचे. स्प्रिंगचा ताण बघायचा. कार्बन आपल्या खोबणीत मोकळा सरकतो का, बघायचं. पुष्कळ वेळा कार्बन चांगला असतो, पण पूड आणि तेल मिळून अडकलेला असतो.

भाची : आणि आर्मेचर?

मामा : कम्युटेटर काळा पडला असेल तर पेट्रोलच्या फडक्यानं पुसायचा, मग बारीक काचपेपर. खड्डे पडले असतील तर लेथवर अगदी हलका हात. इथे बरेच जण चुकतात. डायनामोच्या कम्युटेटरमध्ये तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खाली कापतात, ती सवय हाताला असते. सेल्फच्या या कम्युटेटरमध्ये अभ्रक खाली कापायचा नाही. लुकासच्या पुस्तकातच तसं लिहिलेलं आहे. सेल्फच्या कार्बनमध्ये तांबं जास्त असतं. खाचा केल्या की ती पूड खाचांमध्ये साचते आणि पट्ट्या एकमेकींना जोडल्या जातात. सुशिक्षित माणसानं केलेलं चुकीचं काम मी अनेकदा परत निस्तरलंय.

भाची : बुशचं काय? आर्मेचर घासतंय, असं पुष्कळदा ऐकू येतं.

मामा : बुश झिजला की आर्मेचर खाली बसतं आणि पोल शूला घासतं. मग मोटार करंट खूप खाते, जोर देत नाही. बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो, तो तेल पिऊन ठेवतो. म्हणून नवा बुश ठोकण्याआधी 24 तास पातळ इंजिन ऑइलमध्ये पूर्ण बुडवून ठेवायचा. घाईनं कोरडा ठोकला, तर वर्षभरात पुन्हा तेच. तू म्हणालीस ना, दर दोन-तीन वर्षांनी उतरतो? या गाडीचा सेल्फ मागच्या वेळी बाहेरगावी कुणीतरी उघडला होता. त्यानं बुश बदललाच नव्हता, नुसते कार्बन घातले होते. दोष मोटारीचा नाही, अर्ध्या कामाचा आहे.

भाची : मामा, तुम्ही नीट काम करता म्हणून ही मोटार चालते. पण तुमच्यासारखे किती जण उरलेत? मालकाला गाडी घेऊन रत्नागिरीला जायचंय. आंबा घाटात इंजिन गरम होऊन बंद पडलं, तर तिथे बुश तेलात भिजवत कोण बसणार? मी मोटारी डिझाइन करते म्हणून सांगते, या जुन्या रचनेला काही मर्यादा आहेतच. थांबलेली सिरीज मोटार पहिल्या क्षणी 400 अँपिअरच्या पुढे करंट ओढते, कारण ती फिरत नसताना उलटा दाब तयारच होत नाही. मोटारीचं पिनियन थेट फ्लायव्हीलच्या रिंगवर चालतं, मधे दुसरा गिअर नाही. म्हणजे लागणारा सगळा जोर मोटारीनं स्वतःच द्यायचा. त्यासाठी ती मोठी, जड आणि करंटखाऊ करावी लागते.

मामा : आणि नव्यात?

भाची : नव्यात छोटी मोटार कितीतरी जास्त वेगानं फिरते आणि आतल्या गिअरमुळे तो वेग कमी होऊन जोर वाढतो. चढावर सायकलचा गिअर बदलल्यावर तेच पाय जास्त भार ओढतात, तसं. तेवढंच इंजिन फिरवायला बॅटरीतून करंट कमी लागतो. करंट कमी म्हणजे जुन्या केबलवर, जुन्या जोडांवर ताण कमी. बॅटरी थोडी उतरलेली असली तरी इंजिन चालू होतं. ही कल्पना काही कालची नाही. अमेरिकेत क्रायस्लरनं 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाच गिअर रिडक्शनचे सेल्फ गाड्यांना बसवले होते. म्हणजे ही ॲम्बेसिडर आणि ते तंत्र एकाच वयाचे आहेत.

मामा : तंत्र चांगलं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

भाची : दुसरा मुद्दा बेंडिक्सचा. जुन्या सेल्फमध्ये मोटार झटक्यानं फिरायला लागते, पिनियन जडत्वामुळे मागे राहतं आणि आट्यांवरून सरकत जाऊन फ्लायव्हीलच्या दातांवर आदळतं. दर वेळी जो 'खण्ण' आवाज येतो, तो दातावर दात आपटल्याचा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे बहुतेक वेळा ठरावीक दोन ठिकाणीच थांबतं. त्यामुळे रिंगचे समोरासमोरचे तेच दात खाल्ले जातात. ते दात गेले की गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय रिंग बदलता येत नाही. नव्या पद्धतीत सोलेनॉईड आधी पिनियन हळूच दातांत घालतो, आणि मग मोटारीला पूर्ण करंट मिळतो. इंजिन एकदा खोकून थांबलं तरी पिनियन सुटत नाही. बेंडिक्सचं पिनियन पहिल्याच ठिणगीला मागे फेकलं जातं.

मामा : रिंगचं बोललीस ते खरं आहे. रिंग गरम करून चढवायची असते, सुमारे 300 अंशांना, पोलाद फिकट निळं दिसेपर्यंत. त्याहून जास्त तापवली तर दातांचा कडकपणा जातो. ते काम नको म्हणूनच बेंडिक्स स्वच्छ ठेवायचा. लोक प्रेमानं त्यावर ऑइल किंवा ग्रीस लावतात. तिथेच घात होतो. क्लचची धूळ त्या तेलाला चिकटते, आट्यांवर पिनियन सरकत नाही, मग मोटार नुसती घूं करून फिरते आणि इंजिन जागचं हलत नाही. बेंडिक्स रॉकेलनं धुवायचा, सुकवायचा आणि कोरडा ठेवायचा.

भाची : आणि दातांत अडकून बसला तर?

मामा : तर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागे-पुढे हलवायची. नाहीतर आर्मेचरच्या मागच्या टोकाला, टोपणाखाली, चौकोनी टोक ठेवलेलं असतं. तिथे पाना लावून फिरवलं की पिनियन सुटतं. मोटार अडकेल हे बनवणाऱ्याला माहीत होतं, म्हणून त्यानं ती हातानं सोडवायची सोयही करून ठेवली. आता मला तुझ्या नव्या सेल्फचं सांग. या गाडीत तो जसाच्या तसा बसेल?

भाची : जसाच्या तसा नाही. चार गोष्टी तपासाव्या लागतील. पहिली, रिंगचे आणि पिनियनचे दात. संख्या आणि आकार दोन्ही जुळले पाहिजेत. दुसरी, दातांची उतरती कड. या सेल्फचं पिनियन मोटारीच्या दिशेनं आत ओढलं जाऊन दातांत बसतं. नव्या पद्धतीचं पिनियन मोटारीपासून बाहेर सरकतं. म्हणजे ते रिंगला उलट्या बाजूनं भेटतं. रिंगच्या दातांची कड एकाच बाजूला घासलेली असते. ते लक्षात घेऊन बनवलेलाच सेल्फ घ्यायचा. दुसऱ्या गाडीचा आणून भोकं पाडून बसवला, तर रिंग लवकर खराब होणार.

मामा : तिसरी?

भाची : तिसरी, ध्रुव. मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातल्या जुन्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बॉडीला जोडलेला असायचा. तुमच्या जुन्या सेल्फला त्यानं काही फरक पडत नाही. त्यात चुंबकही कॉइलचाच असतो, त्यामुळे करंट उलटा केला तर आर्मेचर आणि फील्ड दोन्ही उलटतात आणि मोटार त्याच दिशेनं फिरते. नव्या बहुतेक सेल्फमध्ये कायमचे चुंबक असतात. तिथे करंट उलटला की मोटार उलटी फिरते. म्हणून आधी गाडीचा अर्थ कुठल्या बाजूचा आहे ते बघायचं.

मामा : हे लिहून ठेव, पोरी. हे माहीत नसलेले लोक नवा सेल्फ 'खराब निघाला' म्हणून परत देतात. आणि आणखी एक. जुना सेल्फ अडकला की आपण त्यावर हातोडीनं टकटक करतो. चुंबकवाल्या सेल्फवर ते करायचं नाही. आतले फेराइटचे चुंबक काचेसारखे फुटतात.

भाची : बरोबर. चौथी गोष्ट वायरिंगची. या गाडीत सोलेनॉईड वेगळा आहे. त्यापासून सेल्फपर्यंतची जाड केबल किल्ली मारेपर्यंत मृत असते. नव्या सेल्फचा सोलेनॉईड त्याच्याच अंगावर असतो, म्हणून ती केबल कायम जिवंत ठेवावी लागते. टर्मिनलवर रबरी टोपी, केबलला आवरण आणि घट्ट क्लिप नसतील, तर आग लागू शकते.

मामा : आणि काही जण सोपी वाट काढतात. जुना सोलेनॉईड तसाच ठेवतात आणि नव्या सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवरून त्याच्या सोलेनॉईडला छोटी वायर मारतात. मग इंजिन चालू झाल्यावर किल्ली सोडली तरी सेल्फ क्षणभर सुटत नाही. ते का होतं, ते मला कुणी सांगितलं नाही. घडतं हे मात्र मी बघितलंय.

भाची : कायमचे चुंबक असल्यामुळे. किल्ली सोडल्यावर मोटार फिरत असते, आणि चुंबकाच्या क्षेत्रात फिरणारी मोटार स्वतःच वीज तयार करते. ती वीज त्या छोट्या वायरीतून तिच्याच सोलेनॉईडला मिळते आणि तो पिनियन धरून ठेवतो. म्हणून सोलेनॉईडला करंट स्वतंत्र वायरीनं, जुन्या सोलेनॉईडमधून किंवा रिलेमधून द्यायचा, आणि मोटारीला थेट बॅटरीतून.

मामा : बघ, म्हणजे नवा सेल्फ बसवायलासुद्धा जुनं कळणारा माणूस लागतो. मग मी विचारतो, पाच-सात वर्षांनी हा नवा सेल्फ बिघडला, तर काय करायचं?

भाची : बदलायचा.

मामा : तिथेच माझं दुखणं आहे. माझ्या टेबलावरची ही मोटार उघडता येते, तिचा प्रत्येक भाग मोजता येतो, बदलता येतो. फील्ड कॉइल जळली तर गुंडाळता येते. आर्मेचर ग्रोलर या तपासणीच्या यंत्रावर ठेवून शॉर्ट आहे का बघता येतं. बुश लेथवर वळवता येतो. 1961 साली मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झालं, तेव्हापासून या देशात सेल्फ-डायनामोचं काम गावोगाव पसरलं. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडजवळ, एक ऑटो इलेक्ट्रिशियन असायचाच. या गाड्या इतकी वर्षं चालल्या त्या त्यांच्या जोरावर. ॲम्बेसिडर 1958 ते 2014 बनली. ती खेड्यात चालली, कारण ती खेड्यात दुरुस्त होत होती. तुझा नवा सेल्फ बसवला की गाडी सोपी होते, पण ती माझ्या हातातून जाते, आणि मालकाच्याही.

भाची : ही भावना मला समजते. पण मामा, सेल्फ हीच मुळात एक सुधारणा होती. 1912च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ आला. त्याआधी त्यानं दुकानांतल्या कॅश रजिस्टरसाठी विजेची मोटार बनवली होती. त्या कामात त्याला कळलं होतं की थोडाच वेळ चालणारी मोटार लहान असूनही खूप जोर देऊ शकते. त्यापूर्वी सगळे हँडल मारायचे. हँडल उलट फिरून मनगट मोडायचं. हाताच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला डॉक्टर आजही शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात. फोर्डच्या मॉडेल टीला कंपनीकडून विजेचा सेल्फ मिळायला 1919 साल उजाडलं. त्याआधीच्या गाड्यांना मालकांनी बाहेरून सेल्फ बसवून घेतले. त्यांना कुणी सांगायला हवं होतं का, की गाडी मूळ रूपात ठेवा आणि हँडल मारत राहा?

मामा : नाही. पण ती गाडी तेव्हा नवी होती, जपायची नव्हती. ही गाडी आता साक्षीदार आहे. जुन्या लुकास मोटारीच्या अंगावर तिचा नंबर आणि महिना-साल ठोकलेलं असतं. त्यावरून गाडीवरची मोटार मूळची आहे का, ते कळतं. मोटार भंगारात गेली की तेवढा पुरावा कायमचा गेला.

भाची : भंगारात घालायची असं मी म्हटलंच नाही. जुन्या वाहनांच्या जागतिक संघटनेनं, फिवानं, तयार केलेली ट्युरिनची सनद आहे. तीही बदल पूर्ण नाकारत नाही. बदल करावाच लागला, तर तो नजरेत न भरणारा असावा, शक्यतो परत फिरवता येणारा असावा आणि काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीबरोबर जपावेत, असं ती सांगते. आपल्याकडे 2021 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये विंटेज वाहनांची वेगळी नोंदणी आली : 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसलेली वाहनं. सेल्फ हा बोल्टनं बसणारा भाग आहे. चेसिस कापली जात नाही, इंजिन बदलत नाही.

मामा : पण त्या नोंदणीत गाडी रोज वापरता येत नाही, हेही खरं ना?

भाची : खरं. रोजच्या आणि धंद्याच्या वापराला ती नोंदणी चालत नाही; प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांसाठीच. म्हणून मालकानं आधी हेच ठरवायला हवं. गाडी रॅलीत आणि प्रदर्शनात जाणार असेल, तर मूळ सेल्फ. ती साध्या नोंदणीवर रोज चालवायची असेल, आणि चालवणारी एखादी एकटी बाई असेल किंवा सत्तरीतले आजोबा असतील, तर त्यांना हँडल मारायला सांगणं मला पटत नाही. गाडी बंद पडायच्या भीतीनं बाहेरच काढली नाही, तर तिचं जपणं कसलं?

मामा : यावर मी भांडणार नाही. गाडी चालली पाहिजे. उभ्या गाडीचा सगळ्यात आधी सेल्फ आणि ब्रेक जातो. पण माझं एवढं ऐक. आधी तपास. मग मूळ मोटार पूर्ण दुरुस्त, अर्धवट नाही. ती चांगली चालली, तर तीच ठेव. कॉम्प्रेशन वाढवलेलं इंजिन असेल, किंवा आर्मेचरच दुरुस्तीपलीकडे गेलं असेल, तर नवा बसव. तेव्हाही जुनी मोटार साफ करून, तेलकट कागदात गुंडाळून डिकीत ठेव.

भाची : आणि नवा बसवताना वायरिंगचा कागद काढून गाडीच्या कागदपत्रांत ठेवायचा. म्हणजे पुढच्या मालकाला काय बदललंय ते कळेल, आणि हवं तेव्हा मूळ मोटार परत चढवता येईल. मान्य. पण तुमचीही एक गोष्ट मला मान्य करून हवी. हे जे तुम्ही आज बोललात, अभ्रक, बुश, बेंडिक्स, व्होल्टची तपासणी, ते तुमच्या पोरांना शिकवा. गॅरेजमध्ये येणाऱ्या एखाद्या मुलीलासुद्धा. ते तुमच्याबरोबर संपलं, तर नवा सेल्फ घेण्याशिवाय कुणाला काही उपाय उरणार नाही.

मामा : शिकायला येणारं कुणी असेल, तर मी आजही शिकवतो. येत नाहीत, हे खरं दुखणं आहे.

इथे लेखक म्हणून मला माझा कौल सांगायलाच हवा. या वादात मी आधी मामांच्या बाजूला उभा आहे, आणि काही अटींवर भाचीच्या. जुन्या गाडीचा सेल्फ मंद झाला की पहिला संशय सेल्फवर घ्यायचा नाही. दोष पुष्कळदा केबलमध्ये, अर्थच्या पट्टीत आणि गंजलेल्या लगमध्ये सापडतो, आणि तो सापडायला एक साधा व्होल्टमीटर आणि दुसऱ्या माणसाचा एक हात पुरतो. तिथे दोष नसेल, तर मूळ मोटार नीट उघडून, बुशसकट पूर्ण दुरुस्त करणं हाच पहिला मार्ग. ती मोटार त्याचसाठी घडवलेली आहे. तिच्यात दुरुस्त होणार नाही असं फार थोडं आहे.

गिअर रिडक्शनचा सेल्फ हा गुन्हा नाही. रोज चालणाऱ्या गाडीत, कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात, किंवा एकट्या चालवणाऱ्याच्या सोयीसाठी तो चांगला पर्याय आहे. पण तो बसवताना दातांची संख्या, कडेची दिशा, अर्थचा ध्रुव आणि जिवंत केबलचं संरक्षण, या चारही गोष्टी तपासल्या गेल्याच पाहिजेत. मूळ मोटार गाडीबरोबर राहिली पाहिजे, आणि काय बदललं त्याची नोंद कागदावर राहिली पाहिजे.

जुन्या गाडीच्या मालकांना माझी विनंती आहे. सेल्फ बदलून आणणं एका दुपारचं काम आहे. तो उघडून दुरुस्त करणारा कारागीर तयार व्हायला मात्र वर्षं लागतात. तुमच्या गावात असा माणूस अजून असेल, तर काम त्याला द्या, त्याच्या कष्टाचा योग्य मोबदला द्या, आणि त्याच्या हाताखाली कुणीतरी शिकेल यासाठी तुमचाही थोडा हातभार लावा. जुन्या गाड्या टिकवायच्या असतील, तर त्या दुरुस्त करणारे हात आधी टिकवावे लागतील.